नकाशावर हिरवी दिसणारी वाडी

त्या वर्षी भाद्रपद लागता लागता आकाश स्वच्छ झालं आणि आमच्या ऑफिसात सरांनी सगळ्यांसाठी दालपक्वान मागवलं.

पावसाळ्यात आमचं काम अडतं. उपग्रह ठरल्या वेळी डोक्यावरून जातो, फोटोही येतो, पण ढग असले की फोटोत नुसता कापूस. जूनपासून आम्ही त्या कापसातल्या फटी शोधत बसतो. एखाद्या तालुक्याचा कोपरा उघडा सापडला की तेवढाच घ्यायचा आणि बाकीच्यासाठी थांबायचं. म्हणून सलग आठ-दहा दिवस निळं आकाश मिळालं की आम्हांला सण वाटतो. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, खाली इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आणि शेजारी बॅगा शिवायचा कारखाना अशा जागेत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आहे. तिथे आम्ही पाच जणं पक्वान मोडून डाळीत बुडवत होतो आणि स्क्रीनवर अख्खा ठाणे जिल्हा धुतल्यासारखा लख्ख दिसत होता. त्या निळ्या आकाशाचा खाली जमिनीवर काय अर्थ होतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खोटं कशाला सांगू, मी दुसरं पक्वान घेतलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. उपग्रहाच्या फोटोंवरून जमिनीवरचा हिरवेपणा मोजायचा, मागच्या वर्षांशी ताडून बघायचा आणि नकाशात रंग भरायचे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पीक जातंय, पुढे धान्याची टंचाई येणार, आत्ताच हातपाय हलवा. दर पंधरवड्याला आम्ही हा नकाशा एका मोठ्या कंपनीला देतो आणि ती तो सरकारी खात्याला देते. आई मात्र अंबरनाथला शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी दुष्काळ यायच्या आधीच ओळखते." विहारात रविवारी वंदना झाल्यावर बायका माझ्याकडे बघून मान हलवायच्या. मला बरं वाटायचं. आमच्या घरात दुष्काळ हा शब्द कोणी हलक्याने घेत नाही. पप्पा मराठवाड्यातले. बहात्तर साली ते लहान होते, आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी गोळा करत होते. पुढे नोकरीसाठी अंबरनाथला आले, फॅक्टरीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मला ही नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आमच्या वेळी असं कोणी वरून सांगणारं असतं तर."

लग्नानंतर मी बदलापूरजवळ सोनिवलीला राहायला गेले, पण रविवारी अंबरनाथ पूर्वेला आईकडे जाणं ठरलेलं. पावसाळ्यात आम्ही दोघी बाजारात जायचो ते एका बाईसाठी. ती मुरबाडच्या बाजूच्या डोंगरातल्या एका वाडीवरून रानभाज्या घेऊन यायची. पहाटे निघायची, दोन गाड्या बदलायची आणि बाजाराच्या कोपऱ्यावर गोणपाट अंथरून बसायची. शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू, मग कंटोली. आई तिच्याकडून नऊ-दहा वर्षं भाजी घेत होती. ती आईला 'बाई' म्हणायची, मला 'बाय', आणि मी तिला 'मावशी'. ती पन्नाशीची असेल, पण कोणी साठीची म्हटली असती.

त्या रविवारी तिच्यापुढे कंटोल्यांचे चारच वाटे होते. आईने विचारलं, "आज एवढंच?"

"रानात काय नाय बाई. पाऊस गेला ना. बारा दिस झालं, थेंब नाय." मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तुझी आय म्हनते तू वरनं समदं बघतेस. आमची वाडी दिसते का गं?"

मी फोनवर नकाशा उघडला. मुरबाड सापडलं, मग धरण, मग डोंगराची कड. पुढे तीच सांगायला लागली. ओढा धरून वर, आता डावीकडं. तिने ओला हात पदराला पुसला, पण स्क्रीनला बोट लावलं नाही, वरूनच फिरवत राहिली. "ह्यो आंबा. ह्यो वड्याचा वळन. आन् ह्यो..." ती थांबली. निळं प्लास्टिक टाकलेलं एक छप्पर होतं. "ह्यो माझा घर."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पन फोटो जुना हाय. ह्यो प्लास्टिक फाटून दोन सालं झाली."

मी तिला सांगितलं की हा सगळ्यांना दिसणारा फोटो आहे, आमच्याकडचा वेगळा असतो. त्यात घर दिसत नाही, पण तो ताजा असतो, पीक कसं आहे ते हिरव्या-पिवळ्या रंगांवरून कळतं. तिने ते नीट ऐकून घेतलं.

"मंजे आमच्यावर कोनतरी ध्यान ठेवून हाय."

"हो मावशी," मी म्हटलं. "ठेवतात."

सोमवारी ऑफिसात मी आधी तिची वाडी काढली. भाग हिरवा होता. आजूबाजूच्या पाच-सहा वाड्याही हिरव्या. सबंध तालुक्याचा आकडा 'सामान्य' येत होता. मला हायसं वाटलं. पुढच्या रविवारी मी तिला आपणहून सांगितलं, "मावशी, मी बघितलं. तुमच्याकडे हिरवं आहे."

ती चिडली नाही. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "हिरवा तर असनारच बाय. जंगल हाय, गवत हाय. भातपन हिरवाच हाय. पन त्याच्यात दाना भरत नाय. पोटरीत व्हता तवाच पानी गेला."

मी हा विषय शिकलेली बाई. भात कणसात येताना पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण रोजच्या कामात माझ्यासमोर चौकोन असतात. आमच्या एका चौकोनात तिची वाडी, मागचं जंगल, ओढ्याकाठची झाडी आणि सात-आठ घरांची भातखाचरं एकत्र मावतात. जंगल हिरवं, म्हणून चौकोन हिरवा. आणि चौकोनात निव्वळ भात असतं तरी रोप काही दिवस हिरवंच राहिलं असतं. दाणा रिकामा आहे की भरलेला, हे इतक्या वरून कळत नाही. मी आईच्या पिशवीला हात लावून उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, मी येऊन बघते."

पप्पा म्हणाले, मीही येतो. बदलापूरहून आम्ही एसटीने गेलो, पुढे जीपने, आणि शेवटचा तासभर चालत. पप्पांचे गुडघे दुखत होते, पण तक्रार केली नाही. वाटेत दोन्ही बाजूंना असं हिरवंगार की फोटो काढावा. मला एक क्षण वाटलंही की आपला नकाशा बरोबर आहे आणि बाई उगाच घाबरली आहे.

मावशी ओढ्यापाशी न्यायला आली होती. खाचरांपाशी पोचल्यावर पप्पा थांबले. ते ज्वारीच्या मुलखातले, भातशेतीशी त्यांचा संबंध नाही. म्हणाले, "पीक तर चांगलं ताठ उभं आहे की."

"तेच तर दादा," मावशी म्हणाली. "भरला असता तर वाकला असता."

तिने एक लोंबी तोडून पप्पांच्या हातावर ठेवली. पप्पांनी एक दाणा दोन बोटांत दाबला. तो चपटा झाला, आत काही नव्हतं. दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग त्यांनी ती लोंबी खिशात ठेवली, का ते मला कळलं नाही. वर उतारावर नाचणी आणि वरई होती, ती तर करपूनच गेली होती. तिथे दगड जास्त, माती वीतभर.

घरात तिची सून होती आणि दीड-दोन वर्षांची नात. मुलगा तेव्हाच पुढे वीटभट्टीची बोलणी करायला गेला होता. एरवी ही मंडळी दिवाळीनंतर भात झोडून, कणगी भरून मग भट्टीवर जातात. त्या वर्षी कणगी कोपऱ्यात आडवी करून ठेवली होती. आमच्यासाठी तिने कोरा चहा केला आणि एका ताटलीत उकडलेले कंद दिले. मी उचलणार तेवढ्यात सून म्हणाली, "कडू हायत. थोडाच खावा." कडूकंद चिरून, राख घालून उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाही तर तोंडाला आणि पोटाला त्रास होतो. माहितीसाठी मी विचारलं, हे कधी खाता? मावशी म्हणाली, "जेठात. घरात काय नसतं तवा." आम्ही गेलो तेव्हा भाद्रपद संपत होता.

परतताना पप्पा ओढ्यापाशी एका दगडावर बसले. म्हणाले, "आमच्याकडे दुष्काळ लांबून दिसायचा. जमीन पांढरी पडायची, गुरं दिसायची नाहीत. इथे माणूस हिरव्यात बसून उपाशी मरेल आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ता लागणार नाही."

पप्पा मावशीकडे बसले असताना मी तीन वाड्यांमध्ये फिरले होते. जागोजागी फोटो काढले होते, ठिकाणांची नोंद केली होती, सोळा घरांशी बोलले होते. दोन दिवस बसून मी टिपण लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं.

सर सिंधी, पन्नाशीचे, मनाने सरळ. त्यांनी सगळं वाचलं, प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. "बेटा, तू बरोबर सांगतेस," ते म्हणाले. "लेकिन मैं इसको डालूँ कहाँ? आपल्या फॉर्ममध्ये तालुका आहे. वाडीचा रकानाच नाही."

"सर, तालुक्याचा आकडा सपाटीच्या भातावर येतो. कालव्याच्या पाण्यावरचं आहे ते. डोंगर त्यात बुडून जातो."

"मालूम है. पण उपग्रहाचा आकडा आपण हाताने बदलला तर उद्या सगळेच बदलायला सांगतील. मग मशीनचा काय फायदा?"

त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही खोडता येत नाही. शेवटी त्यांनी माझं टिपण अहवालाच्या मागे जोडलं आणि वरच्या कंपनीला फोनही केला. नकाशात तालुका हिरवाच गेला. पंधरा दिवसांनी मी स्वतः खात्यात फोन लावला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, आता माझ्यासमोर तुमचाच नकाशा आहे. यात तर सामान्य आहे. मी कोणतं खरं धरू?"

"मागचं टिपण बघा सर."

"टिपणावर धान्य सोडता येत नाही हो. नकाशावर येतं."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मावशी बाजारात आली, तेव्हा तिच्यापुढे भाजी नव्हतीच. चार केळीची पानं आणि थोडी आंब्याची डहाळी होती, तोरणासाठी. आई फराळाचं सामान घ्यायला पुढे गेली होती. मावशी मला म्हणाली, "बाय, बस जरा."

मी गोणपाटाच्या कडेला बसले. तिने सांगितलं की तिन्ही वाड्यांतली माणसं मिळून कचेरीत गेली होती, पीक बघायला या म्हणून. आधी तिथला माणूस दर वर्षी यायचा. पाय दुखले तर शिव्या द्यायचा, पण यायचा, बांधावर उभा राहायचा, कोंबडी खायचा आणि काहीतरी लिहून न्यायचा. या वेळी त्याने खुर्चीतूनच फोन काढून दाखवला. म्हणाला, यायची गरज नाही, वरून बघितलंय, तुमच्याकडे हिरवं आहे.

"फोनमदी रंग व्हते," मावशी म्हणाली. "हिरवा, पिवला. तू म्हनाली व्हतीस तसे." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुझाच व्हता का गं तो?"

मी हो म्हटलं.

ती केळीच्या पानावर पाणी शिंपडत राहिली. आई आली, तिने सगळी पानं घेतली आणि भाव केला नाही. मावशीने पानं बांधून दिली. घरी येईपर्यंत मी आईला काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मग तू तो हिरवा पुसून का नाही टाकलास?" मी चौकोन, सरासरी, फॉर्म असं बरंच समजावलं. आई कणीक मळत राहिली.

पौषात मावशीचा फोन आला, कोणाच्या तरी नंबरवरून. ती, सून आणि नात बदलापुरात आल्या होत्या, काम हवं होतं. मुलगा गुजरातच्या बाजूला भट्टीवर होता. सोनिवलीत आमच्या बिल्डिंगसमोर एक टॉवर चढत होता. तिथल्या मुकादमाशी मी बोलले. सुनेला विटा वाहायला ठेवलं, मावशीला रेती चाळायला. पत्र्याच्या खोपट्यात त्या राहिल्या.

मी माझ्या खिडकीतून त्यांना बघू शकत होते. सकाळी चहा घेताना मावशी चाळणीपाशी उकिडवी बसलेली दिसायची. मी आठवड्यातून दोनदा तांदूळ, डाळ, नातीसाठी दूध न्यायचे. मावशी घ्यायची, आढेवेढे नाही आणि लाचारीही नाही. पण तिची साडी अंगावर सैल होत चालली होती. एकदा मी जेवायच्या वेळेला गेले. सून आणि नात जेवत होत्या आणि मावशी दाराशी बसली होती. "तुम्ही?" "माझा झाला." सुनेने मान वर केली नाही. मला कळलं.

नातीला घेऊन मी जवळच्या अंगणवाडीत गेले. तिथली ताई भली होती. तिने पोरीला वजनकाट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि ओठ मिटून घेतले. पण पोरीचं नाव वाडीच्या अंगणवाडीत होतं. तिथून कागद आला की इथे आहार चालू होणार. मी वाडीच्या अंगणवाडीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, देते, पण मोठ्या मॅडमची सही लागेल. सही यायला महिना गेला. तोवर ताई स्वतःच्या डब्यातली खिचडी पोरीला देत होती. पोरगी जगली ती त्या डब्यावर आणि आजीच्या वाट्यावर.

माघात एकदा मावशी सहज बोलून गेली की बियाण्याचं भात संपलं. मी नीट ऐकलं नाही असं वाटून पुन्हा विचारलं.

"पोचट नव्हतं त्यातलं निवडून बी ठेवला व्हता. दोन पायली. खाल्ला." ती चाळणी हलवत होती. "काय करनार? पोर रडत व्हती."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. घरातलं धान्य संपणं निराळं आणि बी संपणं निराळं. पण माझ्याकडे एक उपाय होता, निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, "मावशी, मेमध्ये बी मी आणून देते. तुम्ही पेरणीला वाडीवर जा."

मे महिन्यात कल्याणच्या एका बियाण्याच्या दुकानातून मी भाताच्या पिशव्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, कुठे पेरणार? मी म्हटलं, मुरबाडकडे. त्याने जे दिलं ते घेतलं. पिशवीवर भरघोस लोंब्यांचं चित्र होतं. मावशीने पिशवी फोडून मूठभर दाणे हातात घेतले, वास घेतला. "किती दिसाचा हाय ह्यो?" मी पिशवी उलटसुलट केली. मला तो प्रश्नच धड कळला नव्हता. ती म्हणाली, "आमचा हलवा असतो. लवकर होनारा. डोंगराला पानी दसऱ्यापातूर बी टिकत नाय ना." मग माझा चेहरा बघून तिने पिशवीचं तोंड बांधलं. "बघू. पेरून बघू."

त्या दोघी वाडीवर गेल्या. पाऊस वेळेवर आला. ऑफिसात मी सरांच्या मागे लागून एक प्रस्ताव करून घेतला होता, की डोंगरातल्या वाड्यांमधून एकेका माणसाने पिकाचे फोटो पाठवावेत आणि नकाशासोबत ते बघितले जावेत. मी तो सहा वेळा लिहिला. सरांनी पाठवला. उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, पुढच्या टेंडरच्या वेळी विचार करू. सरांनी मला तो कागद दाखवताना नजर खाली ठेवली.

नवरात्रात मी वाडीवर गेले, एकटीच. पावसाने पाठ फिरवून दहा दिवस झाले होते. त्यात काही वावगं नव्हतं, दर वर्षी साधारण तेव्हाच जातो. सपाटीवर भातं पिकून पिवळी पडायला लागली होती. मावशीच्या खाचरात मात्र माझं बी कमरेएवढं वाढून हिरवंगार उभं होतं आणि आता कुठे निसवत, लोंब्या बाहेर टाकत होतं. त्याला अजून महिनाभर पाणी हवं होतं. खाचराच्या तळाला भेगा पडायला सुरुवात झाली होती.

मावशी बांधावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि मला रडू आलं. तीच म्हणाली, "तू कशाला रडतेस? तुला काय ठावं व्हतं?"

"तुम्हांला ठाऊक होतं, मावशी. मग का पेरलंत?"

"दुसरा कुठं व्हता?" ती म्हणाली. "आन् तू आनला व्हतास."

आम्ही दोघींनी ओढ्यातून हंड्याने पाणी आणून वरच्या एका खाचरात घातलं. दुपारभर घातलं. सून नातीला पाठीला बांधून तिसरा हंडा आणत होती. संध्याकाळी माझे खांदे भरून आले तेव्हा खाचराचा एक कोपरा ओला झाला होता. मला शेवटची जीप गाठायची होती. मी निघाले तेव्हा त्या दोघी अजून पाणी आणत होत्या.

ते भात त्यांनी दिवाळीच्या सुमारास गुरांना कापून घातलं. हे मला त्यांच्या शेजाऱ्याने फोनवर सांगितलं. नंतर सगळे भट्टीवर गेले, या वेळी मावशीही. शेजाऱ्याचा नंबरही लागेनासा झाला. पुढच्या पावसाळ्यात तिची खाचरं कोणी नांगरली नाहीत. तिथे गवत माजलं, आणि आमच्या आकड्यात तो चौकोन आधीपेक्षाही बरा आला.

आईने दोन-तीन रविवार त्या कोपऱ्यावर चौकशी केली. तिथे आता दुसरीच बाई बसते, तिला काही माहीत नव्हतं.

सून मला त्यानंतरच्या उन्हाळ्यात दिसली, बदलापूर स्टेशनबाहेर, सकाळी जिथे मजूर उभे राहतात त्या नाक्यावर. मी कामाला निघाले होते. नात तिच्या बोटाला धरून उभी होती. आता चार वर्षांची तरी असेल, पण पाय काडीसारखे. मी विचारलं, "मावशी कुठे आहेत?"

"म्हातारी गेली ना. माघ महिन्यात. भट्टीवर."

"काय झालं होतं?"

"ताप आला. दोन दिस. अंगात काय नव्हताच." तिने पदराने पोरीचं नाक पुसलं. "दवाखान्यात कागद दिला, त्याच्यावर ताप लिवलाय."

मी तिथेच कठड्यावर बसले. माणसं अंगावरून जात होती. तिने मला पाणी विचारलं. तिच्याकडे बाटली होती, तिने ती पुढे केली आणि मी प्यायले. मग मी विचारलं, वाडीवर परत जाणार का? पावसाळा आलाच होता. माझ्याकडे या वेळी हळवं बी होतं. आदल्या वर्षीच मी ते पलीकडच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडून मागून आणलं होतं आणि घरी डब्यात ठेवलं होतं. मी तिला ते सांगितलं.

"आता कोन हाय तिथं? पोरीचा बाप अजून भट्टीवरच हाय," ती म्हणाली. "घराचा वासापन मोडला. आन् मला पेरता कुठं येतंय? समदा तीच करायची. कधी काय टाकायचा, तिलाच ठावं व्हता."

मी तिला म्हटलं की सोनिवलीला ये, अंगणवाडीत पोरीचं नाव घालू, मी स्वतः बरोबर येते. तिने मान हलवली. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून मी डायरीतलं पान फाडून नंबर लिहून दिला, खाली माझ्या बिल्डिंगचा पत्ता लिहिला. वाचता येतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला, मुकादमाने बोटाने माणसं मोजली आणि ती पोरीला उचलून मागे चढली. कोणत्या साइटवर जातोय हे मी ओरडून विचारलं, पण तिला ते ऐकू गेलं नसावं.

महिनाभर मी रोज दहा मिनिटं आधी निघून त्या नाक्यावर थांबत होते. आसपासच्या तीन-चार साइट्सवर जाऊन विचारलं. नाव सांगितलं तरी मुकादमांना नावं माहीत नसतात. तिचा फोन आलेला नाही.